डबल ड्यूटी अंगावर काढू नकोस

परभणीहून एका सिस्टरचं पत्र आलं आहे. वहीच्या पानांवर, दोन वेगळ्या पेनांनी, बहुधा दोन वेगळ्या रात्री लिहिलेलं. नाव छापू नका अशी विनंती आहे. तेवढं गाळून, थोडक्यात देते.

"ताई, मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर. वय ३१. सहा वर्षांपासून एका खाजगी हॉस्पिटलात आहे. चाळीस खाटा, त्यातल्या सहा आयसीयूच्या. बारा-बारा तासांची ड्यूटी, एका वेळेला दोघी. आम्ही पाच जणी होतो. संक्रांतीनंतर एक बाळंतपणाला गेली, तेव्हापासून चौघीच. दीड महिना झाला, एकही ऑफ नाही. कोणी आजारी पडली की दुसरीला डबल. माझ्या वाट्याला आतापर्यंत सात डबल आल्या. सर म्हणतात, माणसं मिळेनात, सांभाळून घ्या, आपलं घरचंच हॉस्पिटल आहे. पगार साडेतेरा हजार. जादा ड्यूटीचे पैसे वेगळे नाहीत.

मागच्या बुधवारी पहाटे चारला अँटिबायोटिकच्या व्हायलमध्ये घालायला डिस्टिल्ड वॉटर म्हणून अँप्यूल फोडलं, सिरिंजमध्ये ओढलं. रिकामं अँप्यूल टाकताना लेबल दिसलं. पोटॅशियम क्लोराईड. मी खालीच बसले. कोणाला सांगितलं नाही.

सात नंबर कॉटवरच्या आजी गेल्या तर काहीच वाटलं नाही. मनात आलं, चला, एक सलाईन कमी झालं. नवरा शेती करतो, दोन वर्षं सोयाबीननं हात दिला नाही, सोसायटीचं कर्ज आहे. लेक सहा वर्षांची आहे, तिच्यावर विनाकारण ओरडते. घरी जाताना स्कूटीवर वाटतं, समोरून एखादा ट्रक यावा, निदान झोप तरी लागेल. ताई, नोकरी सोडू का? की मीच आता कामाची राहिले नाही?"

सिस्टर,

आधी त्या ट्रकचं बोलू. तू ते वाक्य पार शेवटाकडे, जाता जाता लिहिलंस. मला मात्र ते सगळ्यात आधी दिसलं. झोप तुटलेल्या माणसाच्या मनात असं येतं, पुष्कळांच्या येतं, पण येतं म्हणून ते तसंच सोडून द्यायचं नाही. आज नवऱ्याला हेच सांग, याच शब्दांत. "लई दमलेय" एवढंच म्हणू नकोस, ते त्यांनी रोजच ऐकलेलं आहे. आणि १४४१६ हा नंबर फोनमध्ये घालून ठेव. टेलिमानस म्हणतात त्याला. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनं सुरू केलेली मोफत सेवा आहे, रात्री-अपरात्री लागते, मराठीत बोलता येतं. हा विचार रोज यायला लागला, किंवा मन "कसं, कुठं" इथपर्यंत गेलं, तर त्याच दिवशी नवऱ्याला सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. परभणीत सगळे ओळखीचे डॉक्टर, कुणी बघेल अशी लाज वाटत असेल तर नांदेडला जा. पण जा.

आता तुझं दुसरं दुखणं, "मीच कामाची राहिले नाही". याला मी माझ्या एका रात्रीनं उत्तर देते. ती गोष्ट मी वीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

मराठवाड्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात मीही सिस्टर होते. पोळ्याच्या आसपासचे दिवस, फवारणीचा हंगाम. त्या दिवसांत आपल्याकडे काय भरती होतं ते तुला सांगायला नको. त्या रात्री विषबाधेचे तीन पेशंट एकदम आले, तिघांनाही त्या विषावरचं अ‍ॅट्रोपिन चालू. दर पंधरा मिनिटांनी बाहुल्या बघायच्या, नाडी मोजायची, छातीतली घरघर ऐकायची, चार्टवर लिहायचं. सोबतची सिस्टर आली नव्हती, म्हणून सकाळची ड्यूटी करून मीच रात्रीला थांबले होते. पंचेचाळीस कॉटचा वॉर्ड, जमिनीवर गाद्या टाकलेल्या त्या वेगळ्या. पहाटे इन्चार्ज सिस्टर आल्या, चार्ट हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मधल्या पोराच्या चार्टवर शेवटच्या सहा नोंदी होत्या. सहाही ठिकाणी नाडी ११२. माझंच अक्षर. मी ती नाडी मोजली होती का, मला आजही आठवत नाही.

पोरगा वाचला. इन्चार्ज सिस्टरांनी चार्ट खाली ठेवला आणि म्हणाल्या, "घरी जा आणि झोप. दुपारी जेवायला उठू नकोस." त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर कित्येक महिने मी स्वतःला निष्काळजी समजत होते. सलग किती तास उभी होते याचा हिशेब मी केलाच नव्हता. तोच हिशेब मला तुझ्याकडून करून घ्यायचा आहे.

वही घे. आठवड्याचे तास १६८. एका वेळेला दोन सिस्टर हव्यात, म्हणजे आठवड्याला ३३६ तासांचं काम. एका माणसानं आठवड्याला ४८ तास करावेत असं धरलं, तर त्या कामाला सात जणी लागतात. त्यात आजारपण, बाळंतपण, लग्नकार्य, रजा धरल्या तर आठ-नऊ. तुम्ही पाच होतात तेव्हाच प्रत्येकीच्या वाट्याला ६७ तास येत होते. चौघी झाल्यावर ८४. बारा तासांच्या सात ड्यूट्या, सातही दिवस, सुट्टी शून्य. अगदी तू लिहिलंयस तसं. डबल याच्या वर.

म्हणजे बाई, तुझी एक मैत्रीण रजेवर गेली म्हणून हे झालं असं तुला वाटतंय, पण ते तसं नाही. तुझ्या हॉस्पिटलात दोन जागा पहिल्यापासूनच रिकाम्या आहेत, आणि त्या तुम्ही चौघी आपल्या झोपेनं भरताय. जोवर तुम्ही भरताय तोवर सरांना त्या रिकाम्या दिसणारच नाहीत. ड्यूटी चालू आहे, पेशंट बघितले जातायत, मग कशाला दिसतील?

हे ४८ तास मी मनानं धरलेले नाहीत. कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ च्या कायद्यानं आठवड्याला ४८ तास, एक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर ठरवून दिला. निवासी डॉक्टरांसाठीही केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं १९९२ साली आदेश काढला होता, की सलग १२ तासांच्या वर आणि आठवड्याला साधारण ४८ तासांच्या वर काम नको. तो कागदावरच राहिला, इतका की २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं आठवड्याला ७४ तासांच्या वर जाऊ नका, एक दिवस सुट्टी द्या, अशी शिफारस केली, आणि पोरांना तीही मोठी सवलत वाटली. तू त्या ७४ च्याही दहा तास पुढे आहेस.

तू ज्याला "काहीच वाटलं नाही" म्हणतेस, त्याला नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणं मांडली. अंगातली ताकद संपल्यासारखं होणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. बर्नआउट. त्यांनी त्याला आजारांच्या रांगेत बसवलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न सांभाळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा उगम कामाच्या ठिकाणी आहे. सात नंबरच्या आजींसाठी तुला रडू आलं नाही म्हणून तू दगड झालेली नाहीस. दगड झालेली बाई हे पत्रात लिहीत नाही. मन रडायचं थांबतं, कारण दर ड्यूटीला रडलं तर पुढच्या कॉटपर्यंत पाय जाणार नाहीत. आठवडाभर नीट झोप मिळाली की आजी आठवतील. तेव्हा रडू येईल, येऊ दे.

पण एक गोष्ट तपासायला हवी. सगळा थकवा ड्यूटीचाच असतो असं नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड करून घे. आपण दिवसाला पन्नास जणांचं रक्त काढतो, आपलं किती वर्षांत काढलेलं नसतं! आणि दोन दिवस सलग विश्रांती मिळूनही उठावंसं वाटलं नाही, लेकीबरोबरही मन रमलं नाही, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला औषध आहे.

त्या अँप्यूलचं काय करायचं ते सांगते. इन्चार्जला सांग. आजच. तुझ्या जागी दुसरी कोणी असती आणि तिला लेबल दिसलं नसतं तर? पोटॅशियम थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, हे तुला मी सांगावं असं नाही. चूक तुझ्या हातून होता होता राहिली, पण ते अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी त्याच ट्रेमध्ये कुणी ठेवलं? पहाटे चारला, पिवळ्या दिव्यात, दोन्ही सारखीच दिसतात. पोटॅशियम वेगळ्या डब्यात, कुलपात, लाल पट्टी लावून ठेवायचं, आणि भरताना दोघींनी मोठ्यानं लेबल वाचायचं. याला एक रुपया लागत नाही. "मॅडम, त्या बुधवारी पहाटे माझ्याकडून असं होता होता राहिलं, उद्यापासून हे वेगळं ठेवू या" एवढं म्हण. इन्चार्ज चांगली असेल तर तिची झोप उडेल, आणि उडायलाच हवी.

"मी नाही म्हटलं तर पेशंटचं काय होईल" हे तुझ्या पत्रात तीनदा आलंय, मी वर गाळलं. तर ऐक. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसांना जागं ठेवून तपासलं. सलग १७ तास जागा असलेला माणूस हाताडोळ्याच्या कामात रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका चुकत होता. २४ तासांनी ते ०.१० पर्यंत गेलं. आपल्याकडे गाडी चालवायला ०.०३ ची मर्यादा आहे. म्हणजे ज्या अवस्थेत पोलीस तुला स्कूटी चालवू देणार नाहीत, त्याच्या तिप्पट अवस्थेत तू आयसीयूत इन्शुलिन भरतेस. बोस्टनच्या एका रुग्णालयात २००४ मध्ये हेच आयसीयूतल्या शिकाऊ डॉक्टरांवर बघितलं गेलं. २४ तास आणि वर चालणाऱ्या ड्यूट्यांमध्ये गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. डबल करून तू पेशंटला सांभाळतेस असं तुला मनापासून वाटतं, माझंही तसंच होतं. पण दुसऱ्या बारा तासांत पेशंटला जी सिस्टर मिळते तिच्या हाती मी माझी आई दिली नसती.

म्हणून डबलला नाही म्हणायचं. कसं म्हणायचं ते नीट ठरवून म्हणायचं, तावातावानं नाही.

एकटी जाऊ नकोस. एकटी गेलीस तर "तिचंच काहीतरी घरचं चालू असेल" होतं. चौघी मिळून बसा, कुणाच्या तरी घरी, चहाला. गेल्या दीड महिन्याच्या ड्यूट्या कागदावर मांडा, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. हजेरीच्या रजिस्टरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग सरांची वेळ मागून घ्या. ओपीडी संपल्यावर, बसून बोलायचं, राऊंडच्या धावपळीत नाही. आणि वरचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. डॉक्टर माणूस आहे, आकडा लगेच कळतो. बोलायला एवढं पुरे: "सर, आम्ही सोडून चाललो नाही. पण चोवीस तासांची ड्यूटी यापुढे आमच्याकडून होणार नाही, पेशंटला धोका आहे. आठवड्याला एक ऑफ पाहिजे. महिन्याचं रोस्टर आधी लावून मिळावं. आणि बाळंतपणाच्या रजेच्या जागी तात्पुरती तरी एक सिस्टर घ्या." पगाराचं त्याच बैठकीत काढू नका असं मी सांगेन. सुरक्षेचं बोलणं आणि पैशांचं बोलणं एकत्र झालं की समोरचा फक्त पैशांचं ऐकतो.

सर म्हणतील, जीएनएम पोरी पुण्याला, संभाजीनगरला जातात, परभणीत थांबत नाहीत. खरं आहे ते. त्यांच्या बाजूनंही बघायला हवं, छोट्या गावात हॉस्पिटल चालवणं सोपं नाही, रात्री-अपरात्री तेही उठतात. पण साडेतेरा हजारांत ८४ तास, सुट्टी नाही, यावर कोण थांबेल? परिचारिकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१६ मध्ये केंद्रानं जी समिती नेमली, तिनं ५० हून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातसुद्धा सिस्टरला महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नये अशी शिफारस केली. शिफारसच आहे, पण पगाराची बैठक होईल तेव्हा हा आकडा तोंडपाठ ठेव. जादा तासांचे पैसे कायद्यानं तुझ्या हॉस्पिटलला कसे लागू होतात, हे जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारता येतं. विचारायला वकील लागत नाही.

आणि "आपलं घरचंच हॉस्पिटल" हे वाक्य पुन्हा कानावर आलं तर खाली मान घालू नकोस. घरच्या माणसाला कोणी दीड महिना न झोपवता ठेवत नाही.

घराकडे वळते. तुझे मालक शेतकरी आहेत, त्यांना बैलाचं उदाहरण कळेल. औताला जुंपलेला बैलसुद्धा दुपारी सोडतात, पोळ्याला तर त्याच्या खांद्याला हळद-लोणी लावतात. पंधरा दिवसांसाठी एवढंच माग. नाइटवरून आल्यावर सकाळी आठ ते तीन कोणी उठवायचं नाही. खिडकीला जाड चादर, फोन दुसऱ्या खोलीत, लेक आजीकडे. भाकरी त्या दिवशी दुसऱ्या कोणी टाकायच्या. सासूबाई कुरकुर करतील, करू दे. "दोन तास डुलकी घेतली की झालं" हे आपण सिस्टर लोक एकमेकींना सांगत आलोय आणि त्यानंच वाटोळं झालंय. सलग सात तास लागतात. नाइटच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा बंद कर, नाहीतर घरी येऊन आढ्याकडे बघत पडशील.

लेकीला तू ओरडलीस म्हणून ती तुला विसरत नाही. झोपून उठलीस की तिला जवळ घे आणि सांग, आई दमली होती, तुझी चूक नव्हती. सहा वर्षांच्या लेकराला हे कळतं. माझ्या मुलाला मी हे त्याच्या विसाव्या वर्षी सांगितलं. फार उशीर केला मी.

नोकरी सोडावी का, याचं उत्तर मी आज देणार नाही आणि तूही घेऊ नकोस. झोप नसलेल्या डोक्यानं घेतलेला निर्णय आपला नसतो. सरांशी बोलल्यावर एक महिना दे. तारीख वहीत लिहून ठेव. त्या तारखेला डबल बंद आणि ऑफ सुरू झालेले नसतील, तर दुसरीकडे बघायला सुरुवात कर, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नकोस. तोवर तयारी चालू ठेव. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण बघ. मूळ सर्टिफिकेटं हॉस्पिटलनं ठेवून घेतली असतील तर आत्ताच, गोडीगुलाबीनं, "झेरॉक्स काढायचेत" म्हणून परत घे. अनुभवाचं पत्र लागेल. सरकारी भरतीची जाहिरात, आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा, यावर नवऱ्यालाही लक्ष ठेवायला सांग. हप्त्याचं गणित त्यांच्यासोबत बसून मांड. दोन महिने पगार आला नाही तर काय विकावं लागेल, काय लागणार नाही, हे एकदा कागदावर उतरलं की भीती आकड्याएवढीच राहते.

२०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले, त्यात बारा नवजात लेकरं होती. तुला आठवत असेल, तुमच्याच भागातले पेशंट तिथं जातात. त्यानंतर रिकाम्या पदांची चर्चा झाली, आणि त्याच दिवसांत एका नेत्यानं अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. मला त्या वेळी त्या वॉर्डांतल्या सिस्टरच डोळ्यांपुढे येत होत्या. माणसं कमी असली की काहीतरी होतंच, आणि झाल्यावर राग निघतो तो तिथं उभ्या असलेल्या माणसावर. तू उभी आहेस. म्हणून तुझ्या ड्यूट्यांचा कागद तुझ्याजवळ असू दे, आणि सरांना जे द्याल ते लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घेऊन पोच ठेवा. शिक्का नसला तरी चालतो.

पण हे बाकीचं सगळं परवापासून. उद्या तुझी रात्रपाळी सकाळी आठला सुटेल. आज रात्रीच नवऱ्याला सांग, उद्या घ्यायला यायचं. स्कूटी हॉस्पिटललाच राहू दे.